सातव्या नावाचं पाणी

सिडनीत पॅरामॅटाच्या पलीकडे, टूनगॅबीच्या एका गल्लीत विश्राम पाध्ये राहायचा. वय एकोणसाठ, लग्न केलेलं नाही, नोकरी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात. लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्र रुसलं की यालाच बोलावणं यायचं. माणूस मोठा नेमस्त. सकाळी सहाची शिफ्ट, तीननंतरची ट्रेन, आणि चारला शेजारच्या नीनोच्या मागच्या अंगणात पत्ते. अठ्ठावीस वर्षांत ऑस्ट्रेलियाने त्याला घर दिलं, गाडी दिली, कोलेस्टेरॉल दिलं. वाट बघणारं माणूस मात्र एकच दिलं, आणि तेही इटालियन, एक्क्याण्णव वर्षांचं.

नीनो फेरान्ते बाविसाव्या वर्षी बोटीने सिडनीला आला आणि आयुष्यभर लोकांच्या बाथरूमना टाइल्स बसवत राहिला. बायको जाऊन पंधरा वर्षं झालेली, मुलगी रोझा तिकडे पर्थला. चारला पाच मिनिटं वर झाली आणि विश्राम दिसला नाही, की हा म्हातारा कुंपणाच्या पत्र्यावर काठी आपटायचा. "मेट! जिवंत आहेस का?" दिवसभरात विश्रामला कोणी विचारलेला तो एकमेव घरगुती प्रश्न असायचा. दोघांचं इंग्रजी दोन तऱ्हेचं मोडकं होतं, पण एकमेकांना ते नेमकं कळायचं. आपण ते मराठीतच ऐकू.

हा म्हातारा गेला तर चार वाजता आपण काय करायचं, या विचाराने विश्रामला अधूनमधून रात्री जाग यायची. नीनोला साधा खोकला झाला तरी हा दोनदा जाऊन यायचा, सूप पोचवायचा, औषधाच्या गोळ्या मोजून ठेवायचा. त्यात प्रेम होतं, पण भीती जास्त होती.

दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला विश्राम मागच्या अंगणात तांब्या घेऊन बसायचा. भटजी नाही, पिंड नाही. दक्षिणेकडे तोंड, हातात पाणी आणि चार काळे तीळ, आणि अंगठ्याच्या बाजूने ते पाणी सोडायचं. एका वर्षी नीनोने हे कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, हे काय चाललंय.

"आईला पाणी देतोय," विश्राम म्हणाला.

नीनोने काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाला, "माझ्या आईला बासष्ट वर्षांत कोणी पाणी दिलेलं नाही. ती गेल्याचं पत्र आलं, तेव्हा तिला पुरून महिना झाला होता. मी तिचा दगडसुद्धा पाहिलेला नाही, मेट."

हे वाक्य विश्रामच्या मनात रुतून बसलं. एका मुलाला आईच्या मरणाला जाता येत नाही म्हणजे काय, ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी हॉस्पिटलात त्याची लाँग सर्व्हिस लीव्ह, जुन्या नोकरांना मिळणारी लांब पगारी रजा, इतकी साठली, की मॅनेजरने हात जोडून सांगितलं, बाबा रे, एकदाचा कुठेतरी जा. विश्राम कुठे जाणार? पुण्यात आईचं घर विकलेलं. मग त्याने इटलीचं तिकीट काढलं. नीनोने एका कागदावर गावाचं नाव लिहून दिलं, कास्तेल्मूरो, आणि खाली आईचं, असुंता फेरान्ते. "तिला तुझ्या पद्धतीने पाणी दे आणि दगडाचा फोटो आण," तो म्हणाला, "बाकी मला काही नको."

पुण्याहून बहिणीचा, अंजूचा फोन आला.

"दादा, लोक इटलीला पिझ्झा खायला जातात. तू तिथे जाऊन श्राद्ध घालणार?"

"श्राद्ध कसलं? नुसतं पाणी."

"तीळ घेतलेस का?"

"पुडी बांधून घेतलीये."

"एअरपोर्टवर पकडतील हां."

"जाताना नाही पकडत गं. परत येताना आपलेच लोक पकडतात," विश्राम म्हणाला. आपलेच म्हणजे ऑस्ट्रेलियाचे, हे अंजूला क्षणभराने कळलं, आणि तिला ते फारसं आवडलं नाही.

इटलीत, बस दरीतल्या गावातून सकाळी निघाली, तेव्हा तिच्यात ड्रायव्हर आणि विश्राम असे दोघेच होते. रस्ता डोंगराला वेढे घालत वर चढला. खाली ऊन होतं. अर्ध्या वाटेत धुकं लागलं, ते पुढे दाटच होत गेलं. वर एका कमानीसमोर गाडी थांबली. ड्रायव्हरने दोन बोटं दाखवून घड्याळावर टिचकी मारली. दोन वाजता परत, त्यानंतर एकदम उद्या. मग बस वळली आणि तिचा आवाज धुक्यात बुडाला.

कमानीच्या आत गाव होतं. दगडी घरं एकमेकांना खेटून डोंगराला चिकटलेली, मधून पायऱ्यांचे बोळ. दारांना कुलपं, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या. ओल्या दगडाचा, बुरशीचा वास येत होता, आणि त्यात कुठूनतरी लाकडं जळल्याचा. विश्रामने मान वर करून पाहिलं, पण एकाही धुराड्यातून धूर निघत नव्हता. पत्रपेट्यांवर नावं अजून होती. एका बोळात त्याला तीन वेळा फेरान्ते दिसलं. चौकातल्या कारंज्याच्या दगडी कुंडीत पाण्याऐवजी वाळकी पानं होती, आणि तोटीला तारेने फडकं बांधून टाकलेलं होतं. त्याच्या बुटांचा आवाज पुढच्या कोपऱ्यावरून परत यायचा, एखादं पाऊल उशिराने. तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा तो आवाजही थांबला, पण लगेच नाही.

चौकात एक बार उघडा होता. तो चालवणाऱ्या बाईचं नाव फ्रांका. तिचा काका मेलबर्नला होता, त्यामुळे तिला इंग्रजी येत होतं, आणि ऑस्ट्रेलियाचं नाव काढताच तिने कॉफी पुढे केली.

"गावात किती लोक राहतात?" विश्रामने विचारलं.

"अकरा. हिवाळ्यात सात." तिने खांदे उडवले. "बाकीचं गाव तुमच्याकडेच आहे, ऑस्ट्रेलियात."

त्याने पाण्याची बाटली भरून मागितली. दफनभूमीत जायचंय, असं सांगितलं. ती म्हणाली, "तिथल्या नळाला पाणी नाही. कधीपासूनच नाही. ही मोठी बाटली घेऊन जा."

दफनभूमी गावाबाहेर होती, सरूच्या झाडांच्या दोन रांगांमागे. फाटक ढकलल्यावर समोर उंच भिंत आली, आणि भिंतभर चेहरे. प्रत्येक नावाशेजारी चिनी मातीच्या अंड्याएवढ्या चकतीवर माणसाचा फोटो, खाली विजेचा इवलासा दिवा. निम्मे दिवे गेलेले. धुक्यात उरलेले तेवढे पिवळे ठिपके दिसत होते. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. विश्राम मुद्दाम खाकरला. बोलायला कोणी नसलं की तो सिडनीतही घरात असाच खाकरायचा.

फेरान्तेंचा दगड जमिनीवर आडवा होता. पांढऱ्या संगमरवरावर एकाखाली एक सात नावं, सात फोटो. वरून तिसरी असुंता. डोक्याला रुमाल बांधलेली, कपाळाला आठ्या, फोटो काढणाऱ्यावर चिडलेली असावी तशी. विश्रामने खिशातल्या रुमालाने तिचा चेहरा पुसला. मग त्याने मोबाइलवर अख्ख्या दगडाचा फोटो काढला आणि गुडघे मोडून बसला. चष्म्यावर दव साचत होतं, पुसलं की पुन्हा साचायचं.

सर्वपित्री अमावास्या होती, त्यामुळे आधी त्याने स्वतःच्या माणसांना पाणी दिलं. वडिलांना. मग आईला. आई एकवीस साली एप्रिलमध्ये गेली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. कोविड वॉर्डमधून तिला परस्पर नेलं. चुलतभाऊ शंतनू लांब उभा राहून फोनवर दाखवत होता, आणि विश्राम टूनगॅबीच्या स्वयंपाकघरात उभा राहून बघत होता. "आई, तृप्यताम्," तो म्हणाला. पाणी दगडाच्या कडेने मातीत गेलं. आवाज काही झाला नाही. होणार तरी कसला?

मग त्याने असुंताचं नाव घेतलं. ज्यांचं गोत्र माहीत नाही त्यांचं काश्यप म्हणायचं, असं वडिलांनी शिकवलेलं. "काश्यपगोत्री असुंता, तृप्यताम्, तृप्यताम्, तृप्यताम्."

पाणी मातीत गेलं, आणि खालून घोट गिळल्याचा आवाज आला.

स्पष्ट आला. तहानलेलं माणूस पहिला घोट घाईने घेतं, तसा. विश्रामचा हात तसाच हवेत राहिला. जमीन पोकळ असेल, तो स्वतःला म्हणाला. जुनी थडगी, आत पाणी झिरपतं, आवाज होणारच. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, आधी पाइप तपासायची सवय.

इथेच त्याने थांबायला हवं होतं. नीनोने एकाच नावाचं सांगितलं होतं. पण पंगतीत सात माणसं बसलेली असताना एकीलाच वाढून उठायचं, हे विश्रामच्या हाताला जमणारं नव्हतं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? त्यांनाही कोण आहे? त्याने चष्मा पुसला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. एक नाव, एक ओंजळ, एक घोट. दोमेनिको. गळ्याची घाटी वरखाली झाल्याचा आवाज. फिलोमेना. तसाच आवाज, पण बारीक. त्याच्या पाठीवर घाम आला होता, आणि तरी थांबवत नव्हतं. मधेच हात आखडता घेणं त्याला भीतीपेक्षाही वाईट वाटलं.

सातवा फोटो तरुण मुलाचा होता. दाट केस मागे वळवलेले, दात दाखवून हसणारा. अख्ख्या दगडावर तो एकटाच हसत होता. इतक्या कोवळ्या वयात गेला बिचारा, विश्रामला वाटलं. धुकट काचेतून त्याने अक्षरं लावली. सातुर्नीनो. "काश्यपगोत्री सातुर्नीनो, तृप्यताम्, तृप्यताम्..."

हे पाणी खाली गेलंच नाही. संगमरवरावर त्याचे गोल थेंब झाले, तिळांसकट एकमेकांकडे सरकले आणि फोटोच्या खाली एक डबकं करून थांबले. घोटाचा आवाज आला नाही. त्याऐवजी ठसका लागल्याचा आवाज आला. झोपेतल्या माणसाच्या तोंडात कोणी पाणी ओतावं, तसा. तो जमिनीखालून आला नव्हता, तो अगदी त्याच्या कानाशी आला होता.

विश्राम उठला, बाटली तिथेच टाकली आणि फाटकाबाहेर आला. पळाला नाही, एवढंच. सरूंच्या रांगेतून चालताना त्याच्या मागे पानं चुरडत होती. मागे वळून बघायचं त्याने टाळलं.

बारमध्ये फ्रांका पेले पुसत होती. त्याने फोटो दाखवला, कारण कोणाशीतरी बोलणं भाग होतं. तिने मोबाइल हातात घेऊन चित्र मोठं केलं आणि नावांवरून बोट खाली नेलं.

"यांना सगळ्यांना तुम्ही ओळखता?"

"नाही. यांचा मुलगा माझा शेजारी आहे. मी सगळ्यांना पाणी दिलं. आमच्यात मेलेल्या माणसांना देतात."

"सगळ्यांना?" तिचं बोट सातव्या नावावर थांबलं. "हा मेलेला नाही. बघा ना, जन्माचं साल आहे, पुढे काहीच नाही."

"मग त्याचं नाव इथे कसं?"

"तेव्हा मुलगे तुमच्याकडे जायचे ते परत यायचे नाहीत. काही आया आपला दगड करून घेतानाच मुलाचंही नाव घालून घ्यायच्या. निदान नाव तरी आपल्याजवळ." तिने मोबाइल परत दिला. "सातुर्नीनो. घरी नीनो म्हणत असतील, नाही?"

विश्रामने तो सातवा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. एकच माणूस, जगात त्याचं म्हणावं असं एकच माणूस, आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं होतं.

सिडनीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फोन वाजत राहिला. अकरावी रिंग. बारावी. मग कोणीतरी उचलला.

"नीनो? नीनो, तू बरा आहेस ना?"

"मेट..." आवाज झोपेतला, ओला. "झोपलो होतो. ठसका लागून उठलो..."

"उठून बस. दिवा लाव."

"तोंडात काहीतरी आहे." जीभ चाळवल्याचा आवाज आला. "बारीक बारीक. काळं आहे... बिया कसल्यातरी."

"थुंक! थुंकून टाक नीनो, गिळू नकोस!"

पलीकडे चावल्याचा आवाज आला. मग, अगदी समाधानाने, म्हातारा म्हणाला, "गिळलं रे. चांगलं लागलं."

बस खाली उतरत असताना त्याने अंजूला सगळं सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, "दादा... जिवंत माणसाला?"

"मला माहीत नव्हतं गं."

"अरे, पण... देवा. असं कोणी करत नाही रे दादा."

"याच्यावर काही करता येतं का? गुरुजींना विचारशील?"

"विचारते. पण मी काय सांगू त्यांना?" तिचा आवाज फुटला. "तू आधी घरी जा. आत्ताच्या आत्ता जा."

त्याने तिकीट बदललं. विमानात तो झोपला नाही. नीनोचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. पर्थला रोझाला फोन केला, तर ती म्हणाली, पप्पा एकदम मजेत आहेत, इतके आनंदात मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नाही, पण ते फोन लवकर ठेवतात. म्हणतात, घरी पाहुणे आहेत.

टॅक्सी गल्लीत शिरली, तेव्हा चारला दहा कमी होते. विश्रामने बॅग दारातच ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. चार वाजले. चारला पाच वर झाली. मग दहा. कुंपणावर काठी पडली नाही. मात्र पलीकडून आवाज येत होते, खुर्च्या सरकवल्याचे, पत्ते टेबलावर आपटल्याचे, चारपाच माणसं एकदम बोलल्याचे. एक बाई कोणालातरी रागावत होती आणि बाकीचे हसत होते.

तो वळसा घालून नीनोच्या फाटकातून आत गेला. पाऊल आत पडताच आवाज बंद झाले.

वेलाखालच्या टेबलाशी नीनो बसलेला होता. जिवंत. गालांवर लाली आणि डोळे लखलखीत. विश्रामचा जीव भांड्यात पडला, त्याला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. मग त्याला बाकीचं दिसलं. टेबलाभोवती सात खुर्च्या मांडल्या होत्या, घरातल्या, अंगणातल्या, एक कपडे धुवायच्या खोलीतलं स्टूल. प्रत्येकीसमोर पाण्याचा पेला आणि तीन पत्ते, पालथे.

"आलास, मेट!" नीनो म्हणाला. "दगडाचा फोटो राहू दे आता. ती स्वतःच आली."

विश्रामने बसायला म्हणून एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"तिथे नको," नीनो घाईने म्हणाला. "आजोबा बसलेत."

खुर्चीची पाठ गार होती, आणि बोटांना ओल लागली. विश्राम उभाच राहिला. नीनोने त्याला रागावून काही म्हटलं नाही, उलट दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "तू फार चांगलं केलंस," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष पुन्हा टेबलाकडे गेलं, आणि विश्रामने निघावं हे आपसूकच ठरलं.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. होम केअरची मुलगी दोन दिवसांआड यायची, ती फाटकाशी विश्रामला म्हणाली की म्हातारा काही खात नाही, पाणीही पीत नाही, फ्रिजमधलं सगळं तसंच आहे, आणि तरी ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं. विचारलं की म्हणतो, पोट भरलंय. डॉक्टर येऊन गेले. रक्तदाबाचं यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी दुसरं आणून पाहिलं, आणि आकडे तेच आले.

रोज चार वाजता पलीकडे पत्ते आपटायचे. विश्राम आपल्या बाजूला चहाचा कप घेऊन बसायचा. कोणी त्याला जिवंत आहेस का म्हणून विचारत नव्हतं. दोनदा त्याने हाक मारली. पलीकडची कुजबुज थांबली, आणि तो कप घेऊन आत गेला, की पुन्हा सुरू झाली. नीनो मेला असता तर रडता तरी आलं असतं. हे कसलं दुःख, आणि सांगायचं तरी कोणाला? माझ्या मित्राला माणसं मिळाली म्हणून मी रडतोय, असं? रजा शिल्लक असूनही तो पुन्हा कामावर जायला लागला. लॅबमध्ये यंत्रं निदान गुरगुरत तरी होती.

मग एका शनिवारी, लख्ख उन्हात, कुंपणावर काठी पडली.

विश्राम धावत गेला. हातातला टॉवेल घेऊनच धावला. पत्र्याच्या वर नीनोचं डोकं होतं. तो हसत नव्हता.

"मेट, तुला एक विचारायचंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आमच्यात एक बाई आहे. आमची नाही. पहिल्या दिवसापासून आहे. मला वाटलं, आईच्या माहेरची कोणी असेल... पण तिला आमचं बोलणं कळत नाही."

विश्रामने हातातला टॉवेल कुंपणावर ठेवला.

"ठेंगणी आहे. मनगटाला हॉस्पिटलचा पट्टा. आई तिला रोज पाणी देते. पण तिला ते पिता येत नाही."

"का... का नाही येत?"

"प्लास्टिक आहे ना." नीनोने हाताने डोक्यापासून पायांपर्यंत दाखवलं. "पूर्ण गुंडाळलेलं. वरून टेप. आतून तोंड उघडते, मिटते... आम्ही सगळ्यांनी ओढून पाहिलं, पण आमच्या हाताला ते लागतच नाही. दिवसभर इथे कुंपणाला टेकून उभी असते. तुझ्या घराकडे तोंड करून."

त्या एप्रिलमध्ये विश्रामने फोनवर काय पाहिलं होतं, ते त्याने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. अंजूलाही नाही. गाडीतून चार माणसांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप लावलेलं एक लांब पांढरट गाठोडं उतरवलं. त्यावर मार्करने नंबर लिहिला होता. शंतनू म्हणत होता, दादा, दिसतंय का, दादा, बघतोयस ना? विश्रामने बोट दाबून फोन बंद केला होता. नेटवर्क गेलं, असं नंतर सांगितलं. आई शेवटची दिसत असताना त्याने तोंड फिरवलं होतं, आणि इतकी वर्षं तो तिला दरसाल चार थेंब पाणी टाकून गप्प करत होता.

"थांब," तो म्हणाला. "तिला सांग, थांब म्हणावं. मी आलोच."

तो आत पळाला. ओट्यावरची कात्री घेतली, तांब्या नळाखाली धरला, निम्मा भरला तसाच उचलला. त्याला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त त्याला तिचा चेहरा बघायचा होता. तो अंगणातून धडपडत कुंपणाशी आला. पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

"नीनो, कुठे आहे? कुठल्या बाजूला?"

नीनो आपल्या बाजूला खाली बघत होता. मग त्याने मान वर केली आणि विश्रामच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"इथे नाही आता," तो म्हणाला. "तू आत गेलास ना... तेव्हाच ती तुझ्या मागोमाग गेली."

विश्राम वळला. मागचं दार उघडं होतं. जाळीचा दरवाजा अजून हलत होता. बाहेर इतकं ऊन होतं, की आतलं काहीच दिसत नव्हतं. तो पायरीपर्यंत गेला. एक पाय आत ठेवला. हॉस्पिटलात फरशी पुसतात त्या औषधाचा वास आला.

"आई?"

स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, प्लास्टिक सळसळलं.

"आई... आलो गं. मी आलोय."

त्याने कात्री उघडली आणि पुढे पाऊल टाकलं. तेवढ्यात हॉलमध्ये सळसळलं. मग झोपायच्या खोलीत. मग बंद बाथरूमच्या दारामागे, अगदी हळू, कोणीतरी कूस बदलावी तसं.

विश्राम अंधारात थांबला. "आई," तो पुन्हा म्हणाला, या वेळी फार हळू, आणि घरातली प्रत्येक खोली सळसळली.